पदराआडचं तोंड

"निघना! आखो एक निघना!"

चिंचेखालून आरोळी उठली आणि मिरच्या निवडत बसलेल्या बाया पाट्या तशाच टाकून धावल्या. आमच्या गावचा शनिवारचा बाजार एरंडोलच्या रस्त्याला लागून भरतो. एरवी तिथे भावावरून जी हुज्जत चालते ती पार वेशीपर्यंत ऐकू येते. त्या शनिवारी मात्र वांगी, गूळ, बांगड्या सगळं ओस पडलं होतं. सगळा बाजार धुरी देऊन दातातले किडे काढणाऱ्या धुरीबाबाभोवती दाटला होता.

बाबापुढे पाण्याने भरलेली पितळी परात. परातीत एक वीट, विटेवर निखाऱ्यात लालभडक केलेला लोखंडाचा तुकडा. झोळीतून चिमूटभर 'विभूती' काढून तो त्या तुकड्यावर टाकी, वर तुपाचा थेंब सोडी आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं झटकन पालथं घाली. भोकात वेळूची नळी. नळीचं दुसरं टोक दात दुखणाऱ्याच्या तोंडात आणि त्याच्या डोक्यावरून काळं घोंगडं, धूर वाया जाऊ नये म्हणून. घोंगड्याखाली माणूस खोकायचा, मडक्यात तडतड व्हायची, बाहेर बाबा डोळे फिरवून मंत्र म्हणायचा. मग मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, आकडीसारखे वळलेले किडे तरंगताना दिसत.

"देखो माई, ये दात का किडा नही, पाप का किडा है!" बाबा गरजला. "सास को उलटा बोली, एक किडा. नवऱ्याच्या आधी जेवली, दोन किडे. आणि देवाचा नैवेद्य चाखला असंल, तर वारूळच वारूळ! नळीतून कसे उतरले बघा. मंत्राला घाबरतात, मंत्राला!"

सासवांना हा बाबा फार आवडला. "मनी सूनले पहिले बसाडा, महाराज," असं म्हणत त्या सुनांना पुढे ढकलू लागल्या.

माझ्याशेजारी ताईबाई उभी होती, माझी मोठी जाऊ. डोक्यावरचा पदर तिने तोंडावर ओढून दातात धरला होता. आमच्याकडे थोरामोठ्यांपुढे सुनेने तोंड दाखवायचं नसतं, त्यामुळे तो पदर तिच्या तोंडावर कायमचाच असे. तिला सहावा महिना लागला होता. याआधीची दोन लेकरं दिवस भरण्याआधीच गेली होती. तिसऱ्या वेळी ती चालायचीसुद्धा अशी, की जणू डोईवर काठोकाठ भरलेली घागर आहे.

तिच्या हिरड्यांतून रक्त येतं हे मला एकटीला माहीत होतं. सकाळी राखुंडीने दात घासताना ती थुंकी पायाने मातीत दडपून टाकी. दुखलं की जाळलेल्या तमाखूची मिशरी बोटाने दाबून धरी. हिरडी बधिर झाली की पुन्हा जात्यावर बसे. मी एकदा म्हटलं, "जाऊबाई, कुणाला तरी दाखवू या."

"दातले काय दखाडानं?" ती हसून म्हणाली. "बायना दात दुखस, बायनं डोकं दुखस. दुखाले काय लागस?"

पण त्या शनिवारी तिनेच मला पुढे लोटलं. "माले बी धुरी लेवानी शे," ती पदराआडून म्हणाली. "किडा पोटमाच जातीन वं. मनं लेकरू खाई टाकतीन."

तिची नजर माझ्या कडेवरच्या लेकीवर, यमूवर होती.

ती पदरासकट घोंगड्याखाली गेली. किडे निघाले, पुष्कळ निघाले. सासूबाईंनी बाबाच्या पायावर नारळ ठेवला. बाबाने बजावलं, "किडे दबले आहेत, मेले नाहीत. अमावास्येपर्यंत तोंडात पाणी खळबळायचं नाही, दात घासायचे नाहीत. पाणी वरून घटाघटा प्यायचं. दाताला पाणी लागलं, की किडे उठले!"

यमूला मी खाली बसवलं होतं. ज्या वयात लेकरं जमिनीवरचं सगळं चाखून बघतात त्या वयाची ती. तिचा जबडा हलताना पाहून मी नेहमीसारखं बोट घालून तोंड झाडून काढलं. आत एक बी निघालं, चपटं, पिवळसर, वांग्याच्या बियासारखं. बाबाच्या झोळीतून सांडलं असावं, कारण आसपास तसली आणखीही पडली होती. विभूतीत बिया कशाला, एवढं मनात आलं आणि गेलं. ताईबाई घोंगड्यातून बाहेर येऊन म्हणत होती, "दुखनं थांबनं वं! बठ्ठं थांबनं!" आणि तिचे डोळे इतके निवले होते की मला रडू आलं.

दोन-तीन दिवस खरंच बरे गेले. ती तोंडाला पाणी लावत नव्हती. घास तसाच दाढेत अडकून राही. जवळ बसलं की वास येई, पण बोलायचं कुणी? सासूबाईंना आम्ही माय म्हणतो. स्वभावाने त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "वास येस म्हंजे किडा मरी ऱ्हायनात."

मग दाढेखाली गाठ आली. गाठीची सूज झाली, सूज गळ्याकडे उतरली. ताप भरला. माय रोज अमावास्येला किती दिवस उरले ते मोजत होत्या.

त्याच दिवसांत एकदा गोठ्यामागे शेण काढत होते. बांधावर भुईरिंगणी पसरलेली होती, जमिनीलगत वाढणारी, पानोपानी काटे असलेली. यमूने तिच्या पिवळ्या गोटीएवढ्या फळाकडे हात नेला आणि काटा लागून भोकाड पसरलं. तिच्या समजुतीसाठी मी ते फळ दगडाने ठेचलं. "हे बघ, मारलं त्याला!" फळ फुटलं. आतून चपट्या, पिवळसर बिया सांडल्या.

मी बघतच राहिले. यमूच्या तोंडातून काढलेलं बी हेच होतं. ठेचलेल्या बिया मी पदराच्या टोकाला बांधल्या. काय करायचं ते तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते ताईबाईच्या घरघरीने. तोंड बोटभरही उघडेना. जीभ वर उचलली गेली होती, लाळ गिळवेना, ती ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर गळत होती. ती बोलू शकत नव्हती. माझा हात धरून तिने आपल्या पोटावर ठेवला. आत लेकरू हललं. तिने माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी जन्मभर विसरणार नाही.

अंगणात थोरले भाऊ, म्हणजे ताईबाईचे यजमान जीवराम, गाडी जुंपत होते. बाबा त्या दिवशी धरणगावच्या बाजारात बसणार होता.

"माय," मी म्हटलं, "एरंडोलला कय्युम डॉक्टर आहेत. गाडी तिकडे नेऊ या."

"डाक्टर काय करी? किडा उठनात! पानी लागनं व्हई कोठे तरी," माय कळवळून म्हणाल्या. "ज्यानी दाबनात, त्यालेच म्हाईत."

गाडी एकच होती. धरणगाव एका दिशेला आणि एरंडोल दुसऱ्या. माझे यजमान धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण घेत होते. घरात माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. आणि थोरल्या दिराशी तर मला बोलताच येत नव्हतं. आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. फारच गरज पडली, तर लेकराला पुढे करून बोलायचं.

मी यमूला छातीशी धरून चुलीपाशी गेले. लोखंडी उलथणं निखाऱ्यात खुपसलं. परातीत पाणी ओतलं, त्यात वीट ठेवली. लाल उलथणं विटेवर ठेवलं, पदराच्या बिया त्यावर टाकल्या, तुपाचं बोट लावलं आणि वर मडकं पालथं घातलं. तडतड, तडतड. तोच आवाज.

"माय! इकडे या! लवकर!"

त्या आल्या. मी मडकं उचललं. पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक किडे तरंगत होते.

माय दचकून मागे सरल्या. "अगं माय! हाई कोना तोंडमातलं शे?"

"कुणाच्याच नाही. नळी नाही, घोंगडं नाही, इथे तोंडच नाही, माय! रिंगणीच्या बिया आहेत. तापल्या की टरफल फुटतं आणि आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. मटकीला मोड येतो ना, तसला कोंब. हे बघा, बोटाने चिमटा. हलतो का? रक्त आहे का?"

मायनी एक उचलला, चिमटला, नाकाशी नेला. करपलेल्या बियाचा वास. त्यांचा चेहरा असा झाला की त्यांची मला दया आली.

"पन मग तिले बरं कसं वाटनं व्हतं?" त्या पुटपुटल्या.

"मिशरीनेही वाटतंच की, माय. बधिर होतं. बरं नाही होत."

तेवढ्यात थोरले भाऊ दारात ओरडले, "माय, आवर ना! काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

मी यमूला उंच धरलं. रीतीप्रमाणे तिलाच म्हणाले, "यमू, तुझ्या मोठ्या बाबांना सांग, ही परात बघा. सांग, इथे कुणाचंच तोंड नव्हतं. सांग, गाडी एरंडोलला न्या..." आणि पुढे मला ते जमेना. मी यमूला खाली ठेवलं आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "भाऊ, ती मरतेय. लेकरू अजून हलतंय. गाडी वळवा."

भाऊंनी परातीकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे. माय एवढंच म्हणाल्या, "वळाव, भो. मी चुकनू."

बैलांची तोंडं एरंडोलकडे वळली.

वाटभर मी तिला बसतं धरलं होतं. आडवी केली की श्वास अडकायचा. माय पुढे बसून पद्मालयाच्या गणपतीला हाका मारत होत्या आणि मधेच मला विचारत होत्या, "श्वास शे ना वं? शे ना?"

कय्युम डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तोंड कुणी उघडून बघितलं होतं?"

कुणीच नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, मी नाही. आणि ज्याने किडे काढले त्यानेही नाही. त्याने तर पदरावरच घोंगडं टाकलं होतं.

डॉक्टरांनी जबड्याखाली चीर दिली. पू वाटीभर निघाला. किडलेली दाढ काढली, हलणारे दातही काढले. ताईबाई वाचली. हे लिहितानाही हात थांबतो. ती वाचली.

लेकरू नाही वाचलं. ताप उतरायच्या आधीच तिला कळा आल्या. मुलगा होता, माझ्या तळहातात मावेल एवढा. मायनी सरकी काढलेल्या कापसात त्याला गुंडाळलं. मी माझं दूध बोटाने त्याच्या ओठाला लावलं. त्याने एकदा चोखलं. दिवेलागणीपर्यंत होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, रागानेच विचारलं, "किडे खोटे, मग माझी जाऊ कशाने मरायला टेकली?"

ते म्हणाले, "बाई, ते किडे खोटे. खरे बघायचेत?"

त्यांच्या मेजावर पितळेची, खाली तोंड करून उभी केलेली एक दुर्बीण होती. ताईबाईच्या दाताच्या मुळाशी जमलेला मळ त्यांनी काडीने खरवडला, पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग दिसलं. काड्यांसारखे, ठिपक्यांसारखे, सापासारखे वळवळणारे जीव. त्या एका थेंबात आमच्या शनिवारच्या बाजाराहून जास्त गर्दी होती.

"माझ्या तोंडातलं बघू," मी म्हटलं. त्यातही होते, पण थोडे.

"सगळ्यांच्या तोंडात असतात," डॉक्टर म्हणाले. "माझ्याही. रोज घासलं, चूळ भरली की त्यांना थारा मिळत नाही. मळ साचू दिला की ते तिथे घर करतात. हिरडी सुजते, रक्त येतं. हिरडी म्हणजे दाताभोवतीचं कुंपण. कुंपण फुटलं की पू गिळला जातो, विष रक्तात उतरतं आणि अंगभर हिंडतं. सांधे, काळीज, काहीच त्याला दूर नाही. गरोदरपणात हिरड्या आधीच नाजूक असतात, त्यात त्या बाबाने चूळ भरणंही बंद केलं."

"आणि आधीची दोन लेकरं?"

ते म्हणाले, "ती यानेच गेली असं मी सांगणार नाही. मला ठाऊक नाही. पण तोंडात पू असलेली बाई निरोगी आहे, असंही कुणी मला सांगू नये."

"मला ठाऊक नाही." धुरीबाबाच्या तोंडून हे शब्द कधी निघाले असते का?

उन्हाळ्यात बाबा परत आला. तीच चिंच, तीच परात. गर्दीही तीच.

ताईबाई मला म्हणाली, "चल." भाजीवालीकडून तिने भरताचं एक मोठं वांगं घेतलं, त्याला नखाने भोक पाडलं आणि ओटीत लपवलं. मग पदर खाली ओढून पुढे जाऊन बसली. "महाराज, माले धुरी द्या. दात दुखस."

बाबाने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तिचं तोंड त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने घोंगडं टाकलं, नळी आत सरकवली, मंत्र सुरू केला. मडक्यात तडतड झाली. घोंगड्याखाली ताईबाई हुबेहूब खोकली. माझ्या शेजारची म्हातारी कौतुकाने म्हणाली, "आते निघतीन."

मडकं उचललं. पाणी पांढरं झालं होतं.

"हरे हरे!" बाबाने कपाळावर हात मारला. "इतना पाप! ये माई सास को रोज उलटा बोलती है! नवऱ्याच्या आधी जेवते! पूर्वजन्मीची चेटकीण है!"

ताईबाईने घोंगडं फेकून दिलं. नळी वांग्यात खुपसलेली होती. तिने वांगं दोन्ही हातांनी उंच धरलं.

"महाराज," ती मोठ्याने म्हणाली, "हाई वांगं नवराना पहिले जेवस का?"

मग भाजीवाली ओरडली, "मना वांगाले सासू नही शे, महाराज!" आणि सगळा बाजार हसून कोसळला. बाबा म्हणू लागला, "भ्रष्ट केलं! मंत्र भ्रष्ट केला!" आणि झोळी आवरू लागला. मायनी पुढे होऊन ती झोळीच हिसकली आणि उपडी केली. रिंगणीच्या बियांची रास पडली.

"घर जाईसन करी देखा," माय म्हणाल्या. "परात, पानी, लाल उलथनं. तोंड नही लागत. मी मना डोयासघाई देखेल शे."

लोक हसतच होते. तेव्हा ताईबाईने पदर तोंडावरून काढला, डोक्यावरूनही मागे टाकला. भर बाजारात, थोरल्यांसमोर. तिने मान वर केली. जबड्याखालचा व्रण दिसला. तिने ओठ फाकवले. दातांच्या जागी मोकळ्या हिरड्या होत्या.



"हसू नका," ती म्हणाली. "याना बोलनावर मी तोंडले पानी लायं नही. मनं लेकरू गयं. याना एकलाना दोष नही. मनं तोंड सडी ऱ्हायनं व्हतं आनि मी पदर धरी बसनू. कोनी देखं नही, मी बी दखाडं नही. आते तुम्ही देखा. घर जाईसन एकमेकना तोंडमा देखा."

बाबा केव्हा सटकला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाचणाऱ्या बायांनो, मला आणखी काही शहाणपण सांगायचं नाही. जो बाबा दुखणं न बघताच त्याचं कारण सांगतो, त्याला विचारा की तोंडाशिवाय किडे पडतात का. विचारायला लाज वाटली तर घरी करून बघा. करून बघण्यात पाप नाही. सकाळी आणि निजताना दात घासा, जेवल्यावर खळखळून चूळ भरा, मिशरी सोडा. हिरडीतून रक्त आलं तर ते मातीत दडपू नका, डॉक्टरला दाखवा. पोटुशी असाल तर आधी दाखवा.

त्या दिवशी बाजारात ताईबाईचं बोलणं संपलं, तशी एका सासूने शेजारी उभ्या असलेल्या सुनेचा पदर हळूच बाजूला केला. पोरगी लाजून मागे सरली. सासू म्हणाली, "लाजू नको, माय. आ कर. देखू दे."